जटायूची खोट

सरूबाई विहिरीवर काय बोलली ते आधी सांगते, म्हंजी माझ्या पोटात कुठनं दुखायला लागलं ते कळंल. हंडा डोक्यावर चढवता चढवता ती सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "औंदा नारळ आमच्या उंबऱ्यावर बया. आमच्या यांनी दोरी सुदिक वळून ठेवलीय."

दोरी वळून ठेवलीय! ऐकलंत का? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. नारळ आमच्या दारात, अन् दोरी हिच्या घरात.

तो नारळ म्हंजी साधासुधा नव्हं. आमची वस्ती मुकुंदवाडी टेशनाच्या पल्याड, सगळी मेंढरं राखणारी माणसं. निजामाचं राज होतं तवा. चैत्रात आमच्यात रामाची सोंगं निघायची. बाकीच्या गावांत रातीची निघतात, पण मशाली लावून चार माणसं जमवायची तर पोलिसांच्या अमीनसाहेबाचा हुकूम लागायचा, अन् त्याच्या कचेरीत खेटे घालायला येळ कुणाला हाय? म्हणून आमची सोंगं दुपार कलली की निघायची. सोंगं नाचून झाली की लोक ज्या सोंगाच्या नावानं वरडतील त्याला नारळ. तो लाल फडक्यात बांधून वरीसभर दारावर टांगायचा. माझं लगीन होऊन मी इथं आले तवापासून तो नारळ आमच्याच दारावर लटकत होता, कारण रावण आमच्या घरचा. माझा नवरा, भिकन.

माणूस लई गरीब बरं का. मेंढी वाटंत बसली तर तिला "सरक ना माय" म्हणणारा. पण रावणाचं तोंड चढवलं, मिशीला पीळ दिला, की माझी छाती अशी भरून यायची. आता पोरं त्याला भ्यायची नाय, "रावणमामा, रावणमामा" करत त्याच्या शेल्याला लोंबकळायची, ते सोडा. पोरांना काय कळतंय? नारळ तर मिळत होता ना?

अन् औंदा सरूच्या नवऱ्यानं, कडूबानं, मनावर घेतलं की मी जटायू होणार. रावण सीतेला उचलून पळतो तवा त्याला आडवं जाणारं ते म्हातारं पाखरू. आमच्यात जटायूचं सोंग मागं कधी होतं म्हणतात, पण त्याला वाळवीनं खाल्लं, अन् मग कैक वरसं त्याचं नुसतं गाणंच म्हणायचे. कडूबानं शहागंजात शकीलाबीला नवीन जटायू करायला सांगितला. शकीलाबी कागद करणाऱ्यांच्या कागदीपुऱ्याची लेक, शहरात शहागंजात दिलेली. रद्दी कागद भिजवून, कुटून, त्यात मेथीचं पीठ घालून सोंगाची तोंडं करायची. आमचा रावण तिच्या सासूच्या हातचा.

आता आमची एक रीत ऐका. नवं सोंग झालं की ज्याच्या दारात नारळ, त्या घरच्या बाईनं जाऊन त्याची खोट काढायची. खोट न काढलेल्या सोंगाला दृष्ट लागते म्हणून. ती बाई जी जी खोट सांगंल, ती ती करणारानं मुकाट्यानं सुधारायची. उलट बोलायचं नाय, का म्हणून विचारायचं नाय. म्हंजी सरूच्या नवऱ्याचं सोंग आता कुणाच्या जिभंवर? माझ्या.

मी लुगडं बदललं अन् निघाले शहागंजाला.

शकीलाबीचं घर म्हंजी पुढं एक खोली, तिथंच टोपल्यात लगदा, कोनाड्यात रंगाच्या वाट्या. मला बघून तिनं पान दिलं नाय, पाणी विचारलं नाय. नुसतं एक पटकूर अंथरलं अन् म्हणाली, "बसा भाभी." मी मनात म्हणलं, रावणाच्या घरची बाई आलीय अन् हिला सुपारीचं खांड जड झालं व्हय?

मग तिनं वरचं फडकं काढलं.

माय माय! काय ते पाखरू! चोच ही एवढी, टोकदार, तिला पिवळी बेगड लावलेली. डोक्यावर तुरा. मान ताठ. अंगावर निळी, हिरवी, तांबडी पिसं रंगवलेली, एकेक पीस वेगळं. डोळे लालभडक, बघणाराच्या काळजात घुसतील असे. मी बघतच ऱ्हायले. अन् डोळ्यापुढं आमचा रावण आला, चुन्याची पोपडी निघालेला, एका कानाचा टवका उडालेला. याच्या म्होरं त्याला कोण इचारील? नारळ गेला म्हणून समजा.

"कसं झालं भाभी?" शकीलाबीनं विचारलं.

चांगलं झालंय असं म्हणायला माझी जीभ झडली असती का? नाय. पण मी म्हणलं नाय. मी तोंड वाकडं केलं अन् म्हणलं, "हे पाखरू हाय का नवरदेव? किती रंग हा! गिधाड कधी निळं बघितलंस का तू? पूस सगळं. मळकं कर. पावसात भिजून वाळलेल्या घोंगडीसारखं."

"जी," ती म्हणाली.

"अन् तो तुरा काप. डोकं टकलं कर. गिधाडाला केस नसतात."

"जी."

"चोचीची बेगड काढ. अन् एवढी टोकदार कशाला? कुणाचा डोळा फोडायचा हाय? बोथट कर. टोकाला टवका उडालेला दाखव." आमच्या रावणाच्या कानाला टवका, तर याच्या चोचीला नको व्हय?

तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं. एका शब्दानं उलट बोलली नाय. मला जरा बरं वाटलं, अन् जरा वाईट बी वाटलं, कारण भांडायची मी सगळी तयारी करून गेले होते.

घरी आले तर आमचे हे जेवता जेवता काय म्हणतात! "काल मेंढरं बाजाराला नेली तवा शकीलाबीकडं डोकावलो होतो. काय हात हाय गं तिचा! जटायू असा केलाय, म्या तर बघतच ऱ्हायलो."

"तुमचा नारळ जाईल त्याच्यापायी, कळतंय का?"

"जाऊ दे की," म्हणाले. "मलाच हौस वाटतीय त्याच्याशी लढायची."

हौस वाटतीय! कपाळ माझं! एक तर सरूचा नवरा, त्याच्यावर शकीलाबीचा हात, अन् त्याच्यावर माझा स्वतःचा नवरा तिचं गुणगान गातोय. मी भाकरी अशी आपटली की बोटं भाजली.

पुढच्या बाजाराला परत गेले. परत पान नाय, पाणी नाय, पटकूर मात्र अंथरलं. फडकं काढलं तर पाखराचं पार वाटोळं झालेलं. मळकं अंग, टकलं डोकं, बोथट चोच. माझ्या जिवाला असं गार वाटलं म्हणून सांगू! पण मान अजून ताठच होती. टक्कल पडलेलं असू दे, पण ताठ मानेचं ते पाखरू रावणाला आडवं जाईल असंच दिसत होतं.

"मान मोडून टाक," मी म्हणलं.

पहिल्यांदा तिनं वर बघितलं. "मोडून?"

"वाकवून. म्हाताऱ्या माणसाची वाकती तशी, खाली. अन् मानंला पिसं नको रंगवू. मी लोकर देते, ती चिकटव." मी सोबत पिशवी नेलीच होती. मेंढरं कातरताना पोटाखालची जी लोकर निघती ना, शेणामुताची, कुणी फुकट बी नेत नाय ती, ती भरून. शकीलाबीनं ती हातात घेतली, चोळून बघितली, वास घेतला, अन् ठेवून दिली. नाक सुदिक मुरडलं नाय बाईनं.

"आता डोळे तेवढे राहिले," ती म्हणाली. "डोळे कसे करू?"

लाल डोळे तिनं पुसले होते. नुसत्या दोन पांढऱ्या खोबणी. मी इचार केला. जेवढं निपचित दिसंल तेवढं बरं. "पापण्या खाली वढ," मी म्हणलं. "झोप आल्यागत. खालून पाणी गळतंय असं दाखव, म्हाताऱ्यांचं गळतं तसं."

"जी भाभी," ती म्हणाली, अन् बारीक कुंचला उचलला. मी घरी जाताना रस्ताभर हसत गेले. सरूचा नवरा ते म्हातारं कोंबडं डोक्यावर घेऊन नाचला की वस्ती पोट धरून हसणार, अन् सरूची ती वळून ठेवलेली दोरी म्हशीला बांधायच्या कामाला येणार.

सोंगाचा दिवस आला. दुपार कलली, डफ वाजायला लागला. आजूबाजूच्या वाड्यांची माणसं आली, टेशनावरचे हमाल आले, शहागंजातनं शकीलाबी आली अन् बायांच्या मागं कडंला उभी ऱ्हायली. नारळ माझ्या ओच्यात. रीतच तशी, जुन्या घरच्या बाईनं तो धरायचा अन् लोक वरडतील त्याला द्यायचा. मी सरूच्या शेजारीच उभी ऱ्हायले, मुद्दाम. तिचं तोंड मला जवळून बघायचं होतं.

आमचे हे आले. सीतेला खांद्यावर घेतलं, गर्र फिरले, पोरं "रावणमामा" करून हसली. मग गाणाऱ्यांनी जटायूचं नाव घेतलं अन् कडूबा घरामागनं निघाला.

अन् काय झालं ते मला अजून कळत नाय.

मान वाकवलेली ना, तर त्या सोंगातनं कडूबाला पायाखालची जमीनच दिसत होती. समोर काय हाय ते दिसंना म्हणून तो पाय घासत, चाचपडत यायला लागला. टकलं डोकं, मळक्या लोकरीची मान, बांबूचे दोन पंख अंगाला लोंबकळलेले. हसायला पायजे होतं लोकांनी. पहिल्यांदा कुणीतरी हसलं बी. मग ते पाखरू रावणाच्या वाटंत येऊन उभं ऱ्हायलं अन् वर बघायचं म्हणून त्यानं सगळं अंगच मागं वाकवलं, तवा त्या पाणी गळणाऱ्या, अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी ते आमच्या सगळ्यांकडं बघायला लागलं.

हसणं बंद झालं.

माझ्या मागनं एक म्हातारी म्हणाली, "अगं हा तर आमचा आबा." दुसरी म्हणाली, "माझ्या सासऱ्यागत हाय गं." अन् मला माझा बा दिसला. लांडगा आला तवा नुसती काठी घेऊन मेंढरांच्या म्होरं उभा ऱ्हायलेला, गुडघे लटलट कापत असलेला माझा बा. तीच मान. तेच टक्कल. दातबी असाच, टवका उडालेला. मी काय काय सांगितलं होतं त्या शकीलाबीला, अन् कुणाचं सांगत होते, बया!

पाखरानं चोच मारली. बोथट चोच, ती रावणाच्या छातीवर नुसतीच लागली. परत मारली. पोरं वरडायला लागली, "मार आजा, मार!" आमच्या यांनी तलवार उचलली. रावणाचं ते तोंड कैक वरसं बघितलेलं, पण त्या दिवशी ते मला राक्षसाचं दिसलं. तलवार फिरली, पंखाची दोरी तुटली, पंख धुळीत पडला. पाखरू पडलं. अन् एका पंखावर भार देऊन परत उठायला लागलं.

"मुडद्या! हात झडो तुझा!"

कोण वरडलं म्हणता? मी. भर वस्तीत, स्वतःच्या नवऱ्याला. सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या, पण मग त्या बी वरडायला लागल्या, माझ्यापेक्षा घाण घाण बोलायला लागल्या. एका पोरानं ढेकूळ फेकलं ते रावणाच्या नाकावर बसलं अन् नाकाचा तुकडा पडला. ल्हानी पोरं आयांच्या लुगड्यात तोंड खुपसून रडत होती. यांना सीतेला घेऊन असं पळावं लागलं, की खरंच कुणी मारील.

मग काय, "जटायू! जटायू!" सगळी वस्ती एका तोंडानं. माझ्या ओच्यातला नारळ मीच काढला, मीच कडूबाच्या हातात दिला. सरूनं पदरानं डोळे पुसले अन् मग माझ्याकडं बघून अशी हसली, अशी हसली, की रडू बी माझं जागच्या जागी वाळलं.

घरी आले तर दारावरचा खिळा मोकळा. लाल फडक्याचा रंग उतरून भिंतीवर डाग पडला होता तेवढा ऱ्हायलेला. मला वाटलं हे डोकं धरून बसले असतील. तर हे फुटकं नाक हातात घेऊन ओसरीवर बसलेले, अन् तोंडभर हसू!

"मंजुळे, पोरं भ्याली गं मला! रडली! आजपोतर कुणी भ्यालं नव्हतं मला."

"नारळ गेला," मी म्हणलं.

"अगं पण बाया शिव्या देत होत्या! एक तर म्हणाली, हात झडो." त्यांनी डोळा बारीक केला. "आवाज वळखीचा वाटला बरं का."

मी चुलीपुढं जाऊन बसले. त्या माणसाला एवढा खूश मी आमच्या लग्नात सुदिक बघितला नव्हता, अन् तो नारळ माझ्या दारावर असताना तर कधीच नाय. तरी माझं जळायचं काय थांबलं नाय. उलट वाढलं. ते पाखरू माझं होतं ना? टक्कल माझं, मान माझी, लोकर तर माझ्याच मेंढरांची. नाव कुणाचं झालं? कडूबाचं अन् शकीलाबीचं. अन् मी कुणाला सांगायचं, की बाबांनो, ते मी केलं? का केलं म्हणून विचारलं असतं तर?

पुढच्या बाजाराला मी तरातरा शहागंजात गेले. शकीलाबी लगदा कुटत होती. दारातनंच म्हणलं, "तुला समदं कळत होतं ना? मी वाटोळं करायला सांगत होते ते?"

तिनं मुसळ खाली ठेवलं. "कळत होतं की भाभी."

"मग बोलली का नाय?"

"उलट बोलायचं नसतं ना," ती म्हणाली. मग हसली. "माझी सास म्हणायची, सोंग बघून तारीफ करणारी बाई आली तर तिला पान द्यायचं अन् वाटंला लावायचं. जळणारी आली तर पान देऊ नको, बसायला दे. तिच्याइतकं बारीक कुणी बघत नाय."

रागानं तोंड लाल झालं माझं. जळणारी म्हणाली मला तोंडावर! अन् वर कसं, त्या दिवशी तिनं मला पान काढून दिलं. मी नाय म्हणलं. पटकूर ओढून बसलेच.

वरीस सरलं. रावणाचं नाक फुटलेलं, कानाचा टवका उडालेला, म्हणून नवा रावण करायला टाकला. अन् खोट काढायचा मान आता ज्याच्या दारात नारळ त्या घरच्या बाईचा. म्हंजी सरूचा.

शकीलाबीकडं आम्ही दोघी गेलो. सोंग आमच्या घरचं, म्हणून मला बी बसायचा हक्क होता, बोलायचा नाय. फडकं काढलं अन् माझ्या डोळ्याला पाणीच आलं. काय राजा केला होता तिनं! लांब मिशी, मोठं कपाळ, डोळ्यांत रुबाब. मी कितीही बघितलं तरी त्यात मला काय कमी दिसंना. माझ्या नवऱ्याच्या अंगावर हे चढणार, या इचारानंच माझी छाती भरून आली.

शकीलाबीनं माझ्यापुढं पान ठेवलं. सरूला पटकूर अंथरून दिलं.

सरूनं पदर खोचला. तिच्या डोळ्यांत मी बघितलं, अन् बाई, मी वळखलं. आरशात बघितल्यागत वळखलं. गेल्या साली सोंगानंतर वस्तीची पोरं महिनाभर "रावण आला" म्हणून पळत होती, कडूबाच्या जटायूचं नाव एक पोर काढत नव्हतं, ते तिला सोसलं नव्हतं.

"ही मिशी कशाला एवढी?" सरू म्हणाली. "काढून टाक. एवढं हसरं तोंड? ओठ आवळ. डोळे मोठे केलेत, बारीक कर, चोरासारखे. अन् हा मुकुट सरळ का? तिरका कर, पळताना घसरल्यागत."

एकेक शब्द माझ्या काळजावर बसत होता. मिशी काढायची! माझ्या रावणाची! चोर म्हणती माझ्या नवऱ्याला! जीभ अशी वळवळत होती, वाटत होतं उठावं अन् तिच्या झिंज्या धराव्यात. शकीलाबीनं कुंचला हातात धरला अन् माझ्याकडं बघितलं. मी "ऱ्हाऊ दे" म्हणले असते तर ती थांबली असती, रीत गेली खड्ड्यात. तिच्या डोळ्यांत दिसत होतं ते.

समोरचं पान मी उचललं अन् शकीलाबीकडंच परत सरकवलं.

"ती म्हणती तसं कर," मी म्हणलं. "एक बी खोट सोडू नको." अन् सरूकडं वळून म्हणलं, "अन् नाक गं? नाकाचं तर तू काय बोललीच नाय."